मशीनच्या खणातला पेचकस

अण्णा, तो पेचकस विमानात नव्हता. एवढं एक वाक्य तुमच्या हयातीत मला तुमच्यासमोर बोलता आलं नाही, आणि आता तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाल्यावर मी कागद घेऊन बसले आहे. बसले आहे म्हणणंही खोटंच. दोन ओळी लिहिते, उठते, गॅस बंद आहे का बघून येते, कडी लावली का बघते, परत बसते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, 'पायाला भिंगरी लागलीय का गं तुझ्या?' लागली आहे. मागे सरहद्दीवर पेटलं तेव्हापासून लागली आहे आणि सगळं शांत झालं तरी सुटत नाही.

त्या दिवसांत मी मिक्सर दुरुस्तीला घेऊन शहागंजात गेले होते. दुकानात टीव्ही मोठ्यानं लावलेला, आणि दोन गिऱ्हाइकं काउंटरवर कोपरं टेकून भांडत होती, अपने कित्ते गिरे, उनके कित्ते गिरे. क्रिकेटच्या विकेटी मोजाव्यात तशी विमानं मोजणं चाललं होतं. दुकानदार भला माणूस, मला गप्प बघून म्हणाला, 'बाजी, तुमको क्या लगता?' मी म्हणाले, 'मिक्सर झाला का ते सांगा.' फटकन बोलले, बिचारा ओशाळला. पण मला त्याला विचारायचं होतं की बाबा, विमान उडवून देऊन खाली धावपट्टीवर मान वर करून उभा राहिलेला माणूस कोणी मोजला का? क्रांती चौकापर्यंत रिक्षात मी पिशवीची चेन उघडत होते, लावत होते, आणि रिक्षावाला वाटेत दोनदा आरशातून बघून घेत होता.

तुम्ही मला ती गोष्ट एकदाच सांगितलीत. मी चिकलठाण्याच्या कारखान्यात नवी नवी तपासणीच्या कामाला लागले होते. जेवताना मी फुशारकीनं सांगितलं की आज घाई होती, म्हणून शंभर नग न मोजताच सही ठोकून दिली, कोण बघतंय? तुमचा घास हातातच राहिला. आई भाकरी थापत होती. तिच्यासमोर तुम्ही काही बोलला नाहीत. हात धुतलेत, मला अंगणात बोलावलंत, आणि मी थट्टेवारी नेईन त्याच्या आत म्हणालात, 'सही म्हंजी काय असती, ठाव हाय का तुला?' हर्सूलच्या त्या अंगणात बाजेवर बसून तुम्ही जे सांगितलंत ते मी इतक्या वेळा मनात घोळवलं आहे की आता ते मला माझ्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसतं.

लढाईची सकाळ आहे. वाळवंटाच्या कडेला कुठलासा हवाई तळ. तुम्ही तिशीही न गाठलेले, विमानांचे फिटर. तुमच्याकडे कॅनव्हासची एक गुंडाळी आहे, तिच्यात प्रत्येक हत्याराला शिवलेला वेगळा कप्पा, आणि प्रत्येक हत्यारावर लाल रंगानं तुमचा नंबर. नियम एकच, पण लोखंडी. काम संपलं की गुंडाळी उलगडायची, आणि एक कप्पा जरी रिकामा दिसला तरी ओरडायचं. मग हत्यार सापडेपर्यंत तळावरचं एकही विमान हलणार नाही, मग ते कोणाचंही असो, कितीही घाई असो, कारण विमानाच्या पोटात राहिलेला एक पेचकस, एवढासा स्क्रूड्रायव्हर, नेमका कुठल्या तारेत जाऊन अडकेल ते कोणी सांगू शकत नाही. आदल्या संध्याकाळी अंधार करायचा हुकूम होता, म्हणून गुंडाळी चाचपूनच बांधली गेली. त्या सकाळी तुम्ही सही केलीत, विमान उडवणाऱ्या साहेबांचे पट्टे आवळलेत, त्यांनी विचारलं, सब ठीक? तुम्ही म्हणालात, ठीक है साहब. शिडी काढलीत, गुंडाळी उलगडलीत, आणि छोट्या पेचकसाचा कप्पा रिकामा दिसला. विमान अजून हललेलं नव्हतं. 'हात वर केला असता तर थांबलं असतं,' तुम्ही म्हणालात. 'पण मला वाटलं, पलीकडच्या विमानात ऱ्हायला असंल. लढाई चालू हाय, एका पेचकसापायी सगळं कोण थांबवनार? आन् थांबवून तो माझ्याच खिशात सापडला तर?' विमान उडालं, डावीकडे वळलं, आणि साहेबांसकट मोहरीच्या शेतात पडलं. चौकशीत इंजिन बिघडल्याचं निघालं. तुम्हाला कोणी हत्यारांचं विचारलं नाही, आणि तुम्ही सांगितलं नाहीत. दुसऱ्याच दिवशी जुन्या सामानातला एक पेचकस घेऊन, त्यावर लाल नंबर घालून, तुम्ही तो कप्पा भरून टाकलात. 'तुझ्या आईला बोलू नको,' एवढं म्हणून तुम्ही बाजेवरून उठलात. दुसऱ्या दिवशी मी ते शंभर नग परत मागवून मोजले. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत न बघता सही केली नाही, यासाठी मी तुमची ऋणी आहे.

मग आईचं दुखणं आलं. दवाखान्यात दुपारच्या वेळी तुम्ही घरी जेवायला गेला होतात आणि मी तिच्या उशाशी होते. तिनं एकदम माझं मनगट धरलं. 'मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली एक पेचकस हाय. तेवढा फेकून दे बाई. सरकारी हाय, तुझ्या बापाचा.' मी म्हणाले, कसला पेचकस? तेव्हा ती सगळं बोलली, दम खात खात. त्या सकाळी तुम्ही कामावर गेल्यावर तिनं तुमची आदल्या दिवशीची डांगरी भिजवायला घेतली, आणि मांडीवरच्या खिशात तो सापडला. हातात घेऊन उभी होती तेवढ्यात खिडक्यांच्या काचा थडथडल्या. दुपारपर्यंत कळलं की विमान पडलंय आणि चौकशी लागली आहे. शेजारणीचा नवरा सरकारी वायर घरी आणली म्हणून मागच्याच महिन्यात कोठडीत जाऊन आला होता. तिनं पेचकस शिवणाच्या मशीनच्या खणात टाकला. त्या मशीनबरोबर तो प्रत्येक बदलीच्या गावी हिंडला आणि शेवटी हर्सूलला आला. ज्या खोलीत तुम्ही रोज झोपत होतात, त्या खोलीत.

'त्यांना का नाही दिलास?' मी विचारलं. माझा आवाज चढला होता, ते मला अजून लागतं. आई म्हणाली, 'दिला असता तर? तुला तुझा बाप ठाव नाय. लई सरळ मानूस. सवताहून सायबापुढं जाऊन उभा ऱ्हायला असता, की मीच नेला म्हनून. लढाईत कोन ऐकून घेतं? दोन लेकरं घेऊन मी कुठं गेले असते?' आणि ती समाधानानं डोळे मिटून पडली. एवढं एक ओझं तिनं तुमच्यासाठी वाहिलं, असं तिला वाटत होतं. चौथ्या दिवशी ती गेली.

आता सांगा अण्णा, मी काय करायला हवं होतं? पेचकस दाखवला असता तर त्या साहेबांच्या मरणातून तुम्ही सुटला असता. पण मग विचारलं असतंत, हिनं मला का दिला नाही? आणि मला सांगावं लागलं असतं की तुम्ही उभे राहून खरं बोलाल, अशी तिची खात्री होती म्हणून. तुम्ही तर बोलला नव्हतात. मेलेल्या बायकोनं आपल्याला आपल्यापेक्षा मोठं मानलं होतं, हे त्या वयात कळून माणूस सुटतो की आणखी अडकतो? मी मनाला सांगितलं की तुमच्या आणि तिच्या मधे मी येणार नाही. हे कारण चांगलं आहे, ऐकणाऱ्याला पटतं. मलाही बरीच वर्षं पटत होतं. पण झाकली मूठ ज्याची त्याला माहीत असते. मला तुमचा रागही आला होता. तुम्ही माझ्यासमोर सहीचा एवढा बडेजाव केलात, आणि हात मात्र वर केला नाहीत. तुम्ही आणखी थोडं सोसावं, असं मला कुठंतरी वाटत होतं. आपल्या बापाबद्दल असं वाटणं वाईट आहे आणि ते मला वाटलं.

हे पत्र कोणाला दाखवायचं नाही, घडी घालून ठेवायचं नाही, उद्या फाडूनच टाकणार आहे. म्हणून शेवटचंही सांगते. आई गेल्यावर तुम्ही सहा वर्षं माझ्याकडे होतात. ज्या तारखेला विमान पडलं त्या तारखेला तुम्ही कधी जेवला नाहीत, हे मला सांगावं लागत नसे. आईला तुम्ही पोट बिघडलंय म्हणायचात, माझ्याकडे तेवढंही म्हणायचं कारण नव्हतं. मी त्या दिवशी तुमच्यापुरतं पीठ मळतच नव्हते. सगळं माहीत असून मळत नव्हते. शेवटच्या वर्षी तुम्हाला वारांचा, माणसांचा विसर पडायला लागला होता. त्या तारखेला दुपारी तुम्ही आपले आपण येऊन पाटावर बसलात, बाह्या वर केल्यात आणि म्हणालात, 'लई भूक लागलीय गं. भाकर वाढ.' चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही ते विसरला होतात. मी तव्यापाशी उभी होते, आणि मी म्हणाले, 'अण्णा, आज ती तारीख आहे.' तुम्ही वर केलेल्या बाह्या खाली ओढल्यात. मग म्हणालात, 'व्हय का. बरं झालं, सांगितलंस,' आणि भिंतीला धरून उठलात.