एकोणीस पाट्या आणि एक दार

तीर्थरूप अक्का,

दंडवत. (खरोखरचा घातला असता, पण परवा शिडीवरून उतरताना कंबर धरली आहे, आणि एकदा खाली गेलो की उठवायला तुझ्या भावजयीला हाक मारावी लागेल; तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून पहाटे सगळ्या गल्लीला उठवतात? इकडे सगळे ठीक. भावजय ठीक आहे, तोंडाने तर फारच ठीक आहे.

पोरीचं लग्न ठरलं हे तुला मी फोनवर चार शब्दांत कळवलं. पण ते एका दुपारीत कसं ठरलं आणि त्याआधी अर्धा तास ते मोडल्यातच कसं जमा होतं, ही हकिगत फोनवर सांगण्यासारखी नाही. कारण फोन भावजयीच्या खुर्चीशेजारी आहे आणि मी बोलत असलो की ती मधेमधे दुरुस्त्या करते. आज ती शिलाईच्या दुकानात गेली आहे, म्हणून ही संधी साधून लिहितो. चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

सुरुवात माझ्या धंद्यापासून करायला हवी. हल्ली हाताने पाट्या रंगवून घेतंय कोण? छापील फलक दोन तासांत मिळतो. पण चार वर्षांपूर्वी मला एक गिऱ्हाईक असं मिळालं की मला वाटलं, चला, म्हातारपणाची सोय झाली. बाजाराच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक सल्लागार बसतात. लोकांना प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या काढून देणं हा त्यांचा व्यवसाय. प्रत्येक कंपनीला रजिस्टर केलेला पत्ता लागतो आणि त्या पत्त्यावर नावाची पाटी लागते, असा नियम आहे. त्यांच्या सगळ्या कंपन्यांचा पत्ता ती एकच खोली. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि शिक्क्यांचा एक खोका. बाहेर मात्र दारावर आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पाट्याच पाट्या. सगळ्या माझ्या हातच्या, पिवळ्यावर काळी अक्षरं आणि लाल सावली. एखादा नवखा माणूस जिना चढून आला तर आत हजार माणसं काम करत असतील असं समजून चपला बाहेर काढेल.

सातवी पाटी ठोकत होतो तेव्हा सल्लागारांनी मला आत बोलावून चहा दिला. (मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. आधीच्या सहा पाट्यांना त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.) मग त्यांनी मला समजावलं. कंपनी काढायला निदान दोन डायरेक्टर लागतात आणि त्यातला एक तरी इथला रहिवासी असावा लागतो. खरा मालक कधी परमुलखात असतो, कधी आपलं नाव प्रतिस्पर्ध्याच्या नजरेला पडू नये म्हणून मागे राहतो. अशा वेळी एखाद्या सज्जन माणसाने नुसतं नाव द्यायचं, त्याला नॉमिनी डायरेक्टर म्हणतात. तुम्ही इथलेच ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जन्मल्यापासून. काम काय करायचं, तर काही नाही. निर्णय मालक घेणार, कागद सल्लागार करणार, मी वर्षाकाठी थोडं मानधन घ्यायचं आणि स्वस्थ बसायचं. अक्का, तूच सांग, स्वस्थ बसण्यात माझा हात धरणारा आपल्या घराण्यात दुसरा कोण आहे? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या अंगभूत गुणांची कदर केली होती.

फोटो दिला, राहत्या जागेचा पुरावा दिला आणि जिथे जिथे पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या तिथे तिथे सह्या केल्या. काय लिहिलंय ते वाचलं नाही. जन्मभर अक्षरं काढली, पण पाटीवाला एकेक अक्षर बघतो, वाक्य बघत नाही. आठ दिवसांनी सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं, त्यात माझ्या नावापुढे ‘संचालक’ असं छापलेलं. मी ते तीन वेळा उघडून बघितलं आणि रंगाच्या डब्यांमागे पत्र्याच्या पेटीत ठेवलं. मग काय, एकदा चटक लागली. दर महिन्याला नवी पाटी आणि नवं संचालकपद. सल्लागारांकडून येतील ते कागद न वाचता त्याच पेटीत. एकोणीसवर सल्लागार म्हणाले, आता पुरे, कायद्यालाही काही मर्यादा आहे. भावजयीला मी पहिल्या तीन कंपन्यांचं सांगितलं होतं. चौथीच्या वेळी ती जरा रागात होती, म्हणून म्हटलं नंतर सांगू, आणि ते नंतर काही आलंच नाही.

आता मुलाकडे येतो. तो आणि आपली पोर एकाच चष्म्याच्या कारखान्यात काचा घासतात. पोराबद्दल बोलायला जागा नाही. शांत, कामसू आणि पोरीच्या बोलण्याला ‘हो’ म्हणायचं वळण आधीच लागलेलं. पण त्याचे वडील म्हणजे वजनमापं तपासणारे निवृत्त अधिकारी. एकतीस वर्षं दुकानादुकानांतून फिरून काटे तपासले आणि खोट निघाली तिथे सील ठोकलं. अशा माणसाने मुलाच्या सासऱ्याची चौकशी केल्याशिवाय राहावं कसं? त्यांनी कंपन्यांच्या सरकारी नोंदींत माझं नाव घालून बघितलं. (ते प्रत्येकाचं घालतात म्हणे. स्वतःच्या दंतवैद्याचंही घातलं होतं.) आणि बाहेर आल्या एकोणीस कंपन्या.

रविवारी दुपारी ते, विहीणबाई आणि मुलगा आले. आमच्या दोन खोल्या लॉंड्रीच्या वर, त्यामुळे जमिनीतून वाफ येते आणि पाहुण्यांना वाटतं आपल्यालाच घाम फुटलाय. भावजयीने बिस्किटं ठेवली. त्यांनी पुडा उचलून आधी वजन वाचलं, हातावर जोखलं आणि खाली ठेवला. मग पिशवीतून कागद काढून एकोणीस नावं एका सुरात वाचली. मी खिडकीबाहेर बघत होतो. चौथ्या नावाला भावजयीने माझ्याकडे बघितलं, त्यानंतर ती बघतच राहिली. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि अगदी शांतपणे विचारलं, की तुम्ही खरोखर एकोणीस कंपन्यांचे डायरेक्टर असाल तर बायकापोरीला वाफेवर ठेवून पैसा लपवताय. आणि नसाल तर कुणाचा तरी लबाडीचा धंदा तुमच्या नावावर चाललाय. यातलं कोणतं ते सांगा, म्हणजे आम्हाला उठता येईल.

अक्का, मला जन्मात इतकी लाज वाटली नव्हती. पोर दाराशी उभी होती. ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं आवळलं की बोट पांढरं पडलं. लहानपणी शाळेत पालकांना बोलावलं की ती तशीच उभी राहायची. तेव्हा चूक तिची असायची, आज माझी होती. नाव मोठं आणि लक्षण खोटं, ते हेच. मी उठलो, पत्र्याची पेटी आणली आणि सगळे कागद त्यांच्यापुढे ओतले. म्हटलं, साहेब, हे काय आहे ते मलाही ठाऊक नाही. या कंपन्या काय करतात, मालक कोण, बरोबरचे डायरेक्टर कोण, एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. हातात आला तो कागद उचलून मी दाखवायला म्हणून मोठ्याने वाचला. अकराव्या कंपनीच्या सभेचा वृत्तांत होता. अध्यक्षस्थानी मी. मी सर्वांचं स्वागत केलं होतं. दुसऱ्या संचालकांनी कंपनीच्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. आणि त्या दुसऱ्या संचालकांचं नाव मी वाचलं.

विहीणबाई म्हणाल्या, “अहो, हे तर तुमचंच नाव.”

एका नावाची माणसं पुष्कळ असतात, असं व्याही म्हणाले. पण खाली सही होती, सहीखाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. एकतीस वर्षं प्रत्येक तपासलेल्या काट्याच्या दाखल्यावर हीच रेघ आणि हीच टिंबं होती, म्हणे. अख्ख्या बाजाराला ती सही पाठ. मग पेटीतून एकामागून एक वृत्तांत निघाले. तीन वर्षांत आम्ही बारा वेळा भेटलो होतो. एका सभेत त्यांनी माझ्या मार्गदर्शनाबद्दल आभार मानले होते. ज्या दिवशी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या दिवशी त्यांनी जमाखर्च बारकाईने पाहून मंजूर केला होता. (मी त्या वेळी शाळेच्या फाटकावर शिडी लावून ‘सावकाश’ रंगवत होतो.)

मला वाटलं, आता हे चिडणार. पण ते जमिनीकडे बघत बोलायला लागले. निवृत्त होऊन महिना झाला होता. रोज सकाळी फिरायला जाताना हे सल्लागार भेटायचे. त्यांनी म्हटलं, तुमच्यासारख्या स्वच्छ माणसाची सही हवी आहे. आणि त्या महिन्याभरात माझी सही कुणी म्हणजे कुणी मागितली नव्हती, असं ते म्हणाले. पेनातली शाई वाळली होती ती गरम पाण्याने धुतली, नवी भरली आणि फुल्या होत्या तिथे सहा सह्या ठोकल्या. वाचलं नाही. आठवड्याने विसरूनही गेले. हे सांगून झाल्यावर विहीणबाईंनी पुडा फोडून एक बिस्कीट त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनी ते वजन न करता खाल्लं. मला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली. हसायला भावजयीने सुरुवात केली, मग विहीणबाई, मग पोरं, आणि सगळ्यात शेवटी आम्ही दोघे अध्यक्ष आणि संचालक. मग विहीणबाईच म्हणाल्या, की तीन वर्षं एकमेकांच्या कारभारावर समाधानी आहात, आता आणखी कसली चौकशी करायची राहिली? त्याच दमात त्यांनी तारीखही धरली, पुढच्या महिन्याचा दुसरा शनिवार.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे राजीनामे द्यायला सल्लागारांकडे गेलो. व्याह्यांनी रात्री खपून तीन पानी राजीनामा लिहिला होता. सल्लागारांनी तो हातातही घेतला नाही. खणातून एक फाईल काढली; त्यात आमचे राजीनामे सहीनिशी तयार होते. रुजू होतानाच घेतलेले, त्या फुल्यांमधल्याच एका फुलीवर, फक्त तारखेची जागा मोकळी. म्हणजे मी चार वर्षं ज्या खुर्चीच्या तोऱ्यात होतो, ती मी बसायच्या आधीच सोडलेली होती. कोणती तारीख घालू, एवढंच त्यांनी विचारलं. व्याह्यांनी त्यांच्या हातातून पेन घेतलं, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, स्वतःचं घड्याळ बघितलं आणि सगळ्या कागदांवर आजची तारीख घातली. या वेळी आम्ही प्रत्येक ओळ वाचली, त्यांनी मोठ्याने आणि मी त्यांच्या बोटाबरोबर. मी सगळ्यांतून मोकळा झालो आहे आणि कानाला खडा लावला आहे. यापुढे न वाचता सही करणार नाही आणि ज्याचं काम करायचं नाही त्याला नाव देणार नाही.

भाऊजींना नमस्कार सांग. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : वर ‘सगळ्यांतून’ लिहिलं आहे ते अठरांतून असं वाच. अकराव्या कंपनीतून आम्ही दोघे एकदम निघालो तर तिला डायरेक्टरच उरत नाही, म्हणून नवे मिळेपर्यंत थांबा असं सल्लागार म्हणाले. व्याह्यांनी अट घातली, थांबायचं तर मालक कोण ते कळलं पाहिजे आणि सभा खरोखर झाली पाहिजे. पहिली गुरुवारी झाली. विषय एकच होता, आपली कंपनी काय करते. साडेतीन तास चालली आणि मला फार मजा आली. यातलं भावजयीला काही बोलू नकोस.

आणखी ता. क. : आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहितो, आत्तापर्यंत धीर होत नव्हता. लग्नाची बातमी मिळाल्यावर तू दोन ओळींचं कार्ड पाठवलंस, “ठरवून झाल्यावर कळवलंत, उत्तम. सुनेला पाठवते, मी काय, नावापुरती मोठी बहीण.” ते कार्ड माझ्या खिशातच आहे. अक्का, नावापुरतं असणं म्हणजे काय ते मला विचार, मी एकोणीस वेळा तसा होतो. आई गेली तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस आणि मला पहिलं अक्षर तू कोळशाने भिंतीवर काढून दिलंस. चुकलो. त्या दुपारी सगळं सोडून आधी तुला फोन करायला हवा होता.

शेवटचा ता. क. : विवाह नोंदणीच्या अर्जात मुलीकडच्या साक्षीदाराचं नाव लागतं. तिथे मी तुझं घातलं आहे, न विचारता. संमतीचा कागद सोबत जोडला आहे, फुली आहे तिथे सही कर. टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. तिथला कारकून म्हणतो, हा माणूस समोर हजर लागतो, बदली चालत नाही.