रागाचं जॉबकार्ड

ती. ताईस,

मिक्सरचं एक भांडं, ओट्यामागची दीड टाइल आणि तुझी भावजय, एवढं त्या सकाळच्या माझ्या रागात गेलं. भांडं मी ठोकून सरळ केलं. त्या रंगाची टाइल आता निघत नाही. भावजय तुझ्याकडे आहे, त्याला आज अकरा आठवडे झाले. नमस्कार आधी लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे, पण हा हिशेब खाली ठेवला असता तर तू तिथवर वाचलंच नसतंस. आता रीतसर साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला काय म्हणतो? (फोनवर तुझ्यामागे ते खोकतात ते मी नीट ऐकलंय. खोकला छातीतला नाही, घशातला आहे. त्यांना उगाच काढे पाजू नकोस.)

माझ्या कानांबद्दल तुला सांगायला नको. दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये झाडू मारता मारता मी मोटर बांधायला शिकलो ते हातांमुळे नाही, कानांमुळे. रस्त्यापलीकडे पंप सुरू झाला की त्याचं काय बिघडलंय ते मी इकडे चहा पिता पिता सांगतो. साऱ्या गावात असा कान दुसऱ्याला नाही असं गिऱ्हाइकं म्हणतात (मी फक्त नाही म्हणत नाही). त्या सकाळीही तेच झालं. आतल्या खोलीत दाढी करताना मला मिक्सरची मोटर कोरडी चाललेली ऐकू आली. बंद कर म्हणून चारदा ओरडलो. ही काही बंद करेना, आपली काहीतरी बोलतच राहिली, तेव्हा अर्ध्या दाढीनिशी जाऊन भांडं उपसलं आणि भिंतीवर मारलं. भिंतीवर मारलं, तिच्यावर नाही, असं मी तुला फोनवर सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, "ती त्या भिंतीलाच टेकून उभी होती रे." यावर मी फोन ठेवला. लाइन कट झाली नव्हती.

मग आपल्या डॉक्टरने रक्तदाब बघितला, एक गोळी दिली आणि एक पत्ता दिला. मला वाटलं लॅबचा असेल. जिना चढून गेलो तर एक खोली, गोल मांडलेल्या नऊ प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये स्टुलावर टिश्यूचा डबा. आठ जण आम्ही आणि नववी राग आवरायला शिकवणारी बाई. आपल्या मुलीच्या वयाची असेल, अंगाने काडी, आवाज इतका हळू की समोरच्याने पुढे वाकूनच ऐकावं. (हे तिचं मुद्दाम असतं हे मला तिसऱ्या बुधवारी कळलं. पुढे वाकलेल्या माणसाला ओरडता येत नाही. करून बघ.) मंडळी म्हणशील तर एक दाताचा डॉक्टर, तो पेशंटवर खेकसतो आणि पेशंटला तोंड उघडं ठेवावं लागत असल्याने उलट बोलता येत नाही. एक शाळेतल्या बाई, त्या चिडत नाहीत, रडतात, तेही हजेरी घेताना. एक सिटी बसचा ड्रायव्हर, त्याने एका रिक्षावाल्याला समज द्यायला भर चौकात बस उभी करून खाली उतरून वाद घातला, आत पन्नास माणसं बसलेली. अशा आठ फुगलेल्या माणसांना ही पोरगी आवाज न चढवता दीड तास सांभाळते. माझ्याकडे अकरा कामगार आहेत, मला एक तास जमलेलं नाही.

पहिला बुधवार मी पंख्याकडे बघण्यात घालवला. त्याचा कंडेन्सर गेलाय हे उघड होतं. दुसऱ्या बुधवारी शिडी घेऊन गेलो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "दुरुस्त करा की. फक्त एवढं सांगा, पंखा दुरुस्त केला की आज तुमचं काय बोलायचं टळेल?" शिडी मी दाराबाहेर ठेवून आलो. ताई, इतकी वर्षं धंद्यात आहे, पण बिघाडावर इतकं नेमकं बोट ठेवणारा कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

तिथे शिकवतात ते साधं असतं आणि भलतंच अवघड. राग आला की जागचं हलायचं नाही, श्वास सोडताना लांबवायचा, तोंडावर गार पाणी मारायचं. गार पाण्याचा प्रयोग मी वर्कशॉपमध्ये केला. एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं, मी शांतपणे मागे गेलो आणि बादलीत तोंड बुडवलं. ती सुटे भाग धुवायची बादली होती. ग्रीसने काळा होऊन बाहेर आलो, अत्यंत संयमाने "बोला" म्हणालो, तर गिऱ्हाईक मोटर टाकून पळालं. मग बाईंनी चाळीस भावनांच्या नावांचा कागद दिला. मला राग आणि भूक या दोनच ठाऊक होत्या. कागद वाचताना वाटलं, आपण जन्मभर एकाच हातोडीवर वर्कशॉप चालवलं की. भीती, लाज, एकटेपणा, सगळं मी हातोडीनेच ठोकत होतो.

घरचा अभ्यास म्हणजे काय झालं, काय वाटलं, दहापैकी किती, मग काय केलं, हे रोज लिहायचं. मी त्यासाठी आपलं वर्कशॉपचं जॉबकार्ड घेतलं. (दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मोटरला आम्ही असं कार्ड तारेने बांधतो.) वर लिहिलं, "तक्रार: साडेदहाला गरम होतं. आवाज: फार." तेवढ्यात फोन आला आणि कार्ड टेबलावरच्या बाकीच्या कार्डांत गेलं. आपला जुना मिस्त्री सकाळी येऊन सगळी कार्डं भरतो. दुसऱ्या दिवशी माझ्या कार्डावर त्याच्या अक्षरात होतं, "संभाव्य कारण: लोड जास्त, हवा खेळायला जागा नाही. उपाय: बंद ठेवून थंड होऊ द्यावं, ठोकू नये. शेरा: आतल्या तारांचं वाइंडिंग चांगलं आहे, जळालेलं नाही." ते कोणाचं कार्ड हे त्याला कळलं होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही. तो नजरेला नजर देत नाही. मी ते वाचून दहा मिनिटं स्टोअरमध्ये बसलो. बाईंना दाखवलं तर त्यांनी दोनदा वाचलं आणि त्याचा फोटो काढून घेतला. म्हणाल्या, मिस्त्रींना इथे शिकवायला पाठवता का?

आता सातवा बुधवार सांगतो आणि आवरतं घेतो. जोड्या लावल्या होत्या. समोरच्याने दोन मिनिटं बोलायचं, आपण गप्प ऐकायचं, मग त्याने सांगितलेलं त्याला परत सांगायचं. माझ्या वाट्याला ड्रायव्हर आला. म्हटलं, ऐकायचं काम तर आपलं खानदानी. त्याचं झाल्यावर मी सांगितलं, चौथ्या वाक्याला आवाज पातळ झाला, दोनदा श्वास अडकला, डाव्या गुडघ्यात कटकट आहे, बसताना वाजला. बाईंनी विचारलं, "आणि ते काय म्हणाले?" ताई, मला एक शब्द सांगता आला नाही. ड्रायव्हर चिडला नाही. हसला आणि म्हणाला, "शेठ, माझा मुलगा घर सोडून गेला ते सांगत होतो." मी त्याला म्हटलं पुन्हा सांग. त्याने पुन्हा सांगितलं, आणि या खेपेला मी ऐकलं. पुढच्या मंडळींची पाळी गेली, पण कोणी कुरकुरलं नाही. दाताचा डॉक्टरसुद्धा नाही.

दहा बुधवार संपले, नावनोंदणी पुन्हा केली आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा
धाकटा

ता. क. तुझ्या भावजयीला परत ये म्हणून सांगू नकोस. मी सांगायला लावलं असं तिला वाटेल. आणि हे पत्र दाखवलंस तर बादलीचा भाग दाखवू नकोस. बरं, दाखव.

ता. क. दुसरा. एवढं एकच काम कर. त्या सकाळी मिक्सर चालू असताना ती काय सांगत होती, ते तिला विचार. सांगितलं तर तिच्याच शब्दांत लिहून पाठव, आपली भर घालू नकोस (तू घालतेस). मलाच सांगेन म्हणाली तर कुठे आणि कधी यायचं ते कळव. सांगायचं नाही म्हणाली तर तसंही कळव.

ता. क. तिसरा. शेजारच्या शिवणवाल्या मावशींना मी विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, त्या सकाळी तुझ्या बायकोने ते तीनदा सांगितलं, आम्हाला भिंतीपलीकडून शब्दन् शब्द कळला, आता चौथ्यांदा आमच्या तोंडून कशाला ऐकतोस. मावशींना डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही.