कंदील वर्ग, माणूस एक

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. दुपारी ३ वाजून १० मिनिटे.
पत्र्याच्या पेटीवर बसून ही पहिली नोंद लिहीत आहे. शेणवे गावातली खोली अखेर मिळाली! वैशाखऱ्याहून निघताना आईला सांगितले की शहापूरच्या टायपिंगच्या दुकानात नोकरी लागली, म्हणून जवळ राहायला जातो. ते खरेच आहे. पण हीच खोली का, हे फक्त आमच्या गटाला माहीत आहे.
'दूरपहारा' नावाची अंतराळयानांची चित्रमालिका पूर्वी एका मुलांच्या पाक्षिकात येत असे. ती बंद पडून तीस वर्षे झाली. आम्ही तेवीस जण अजून तिचा अभ्यास करतो. तिच्यातले 'कंदील' वर्गाचे यान फक्त एका चित्रात दिसते. देवराम नावाच्या वायरमनने मात्र त्या यानाची अख्खी माहितीपुस्तिका स्वतःच्या मनाने लिहिली, ती याच खोलीत राहून.
घरमालकीण सरस्वतीमावशी म्हणाल्या की खोली ल्हान हाय, पन वारा लय येतो, आनि बारावी नापास हायस तर काय झाला, भाडा येळेवर दे म्हंजे झाला. आधीचा भाडेकरू सहा वर्षांपूर्वी सामान टाकून नाहीसा झाला. तेव्हापासून खोली बंदच होती.
खोली मोजली. लांबी दहा फूट सहा इंच, रुंदी नऊ फूट. एक दार, एक चौकोनी खिडकी, आधीच्या भाडेकरूचे टेबल.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सायंकाळी ७ वाजता.
सापडली! माळ्यावर, जुन्या मीटरच्या खोक्यात. चोवीस पाने, निळी शाई, एकही खाडाखोड नाही. मुरबाडच्या दामिनीला लगेच फोन केला. गटात आकड्यांची पारख तिच्याइतकी कोणालाच नाही. ती म्हणाली की पण्या, फोटो नंतर, आधी हात धुऊन घे, तुझ्या हातांना भज्यांचं तेल असतं. (आज नव्हते.)

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. सकाळी ६.३०.
पुस्तिका दोनदा वाचली. कंदील यान वस्तीपासून फार दूर, एका जागी उभे असते. त्याचे काम एकच, दिवा तेवत ठेवणे. पान चार: 'माणूस एक.' पान नऊ: 'कामावर असेपर्यंत भूक व तहान लागत नाही.' पान अकरा: 'बदली आल्याशिवाय दार उघडत नाही. शेवटच्या पानावर पुढची सही होते, तीच बदली.' देवरामची कल्पनाशक्ती थोर.
शेवटच्या पानावर तीन सह्या आहेत: देवराम १९९४, सुनिल २००६, महेंद्र २०१९. महेंद्र आमच्याच गटात होता. सहा वर्षांपूर्वी एकही शब्द न बोलता गट सोडून गेला, असे सगळे समजतात.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारी ४.२०.
प्रत्येक आकडा चित्राशी ताडून पाहिला. खोलीची, म्हणजे यानातल्या खोलीची, लांबी नऊ फूट चार इंच, रुंदी सात फूट दहा. चित्राच्या मापाशी तंतोतंत जुळते. गटाच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या पानावर, महेंद्रच्या खाली, तारीख घालून सही केली. एकाची तपासणी चालत नाही, दुसऱ्यानेही ताडून सही करायची. हा दोन सह्यांचा नियम मीच केलेला आहे. दुसरी सही करायला दामिनी पुढच्या रविवारी येते आहे.
फोटो पाठवायला रेंज हवी म्हणून कडी लावून नाक्यापर्यंत जाऊन आलो.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ७ वाजता.
मावशी रागावल्या आहेत. म्हणाल्या की काल मी नाक्यावर गेलो तेव्हा माझ्या खोलीतून पाहुणा बाहेर आला, त्याला चहापानी तरी इचारशील का नाय रे? मी सांगितले की माझ्याकडे कोणी आले नव्हते. त्या म्हणाल्या, मग कडी आतून कोनी वाजवली? मीच उगडली ना! दिसायला जुन्या भाडेकरूसारखा, पण याचे केस पांढरे. त्याने साल कोणते ते विचारले. ऐकून तो नळाशी बसून रडला, मग शहापूरच्या रस्त्याने पळत गेला.
जुन्या भाडेकरूचे नाव विचारले. मावशींना आडनाव आठवत नाही. नाव महेंद्र.

बुधवार, १२ नोव्हेंबर. सायंकाळी ६.४५.
काल खोली नऊ फूट अकरा इंच भरली. टेप खराब असेल म्हणून आज शहापुरातून नवा आणला. नव्या टेपने नऊ फूट सात.
पेटी भिंतीला टेकली आहे. मी हलवलेली नाही.
दिव्याचे बटण बंद केले. दिवा बंद होत नाही. बल्ब काढला. तरी उजेड—
उद्या खोली सोडतो. पुस्तिका जाळावी का? देवरामची एकच प्रत आहे. जाळवत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. सकाळी ८.१०.
दार उघडत नाही. बाहेरून कडी नाही, मी फटीतून पाहिले आहे. लाथा मारल्या. मावशी अंगणात कोणाशी तरी बोलत होत्या, शब्दन्‌शब्द ऐकू आला. मी ओरडलो. त्या बोलतच राहिल्या.
फोनला रेंज नाही. नऊ फूट चार इंच. सात फूट दहा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी १० वाजता.
खिडकी गोल झाली आहे. बाहेर दहा वाजता अंधार. खूप दूर बारीक ठिपके. डोंगर नाही, रस्ता नाही.
भूक लागलेली नाही. कालपासून पाणीही प्यायलेलो नाही. पान नऊ.
पुस्तिका टेबलावर होती. टेबल इथे नाही. ही वही खिशात होती म्हणून माझ्याबरोबर आली.

शनिवार, १५ नोव्हेंबर. वेळ फोनवर दुपारी २.
भिंतीपलीकडे मावशी आल्या होत्या. माझ्या भिंतीपलीकडे माझीच खोली आहे. त्या म्हणाल्या की ह्यो पन सामान टाकून गेला, या खोलीला काय लागलंय? मग टेबल पुसल्याचा आवाज. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. भिंत बडवून हात सुजले.
उद्या रविवार.
बदली म्हणजे पुढची सही. दामिनीने सही केली तर मी सुटेन. ती मात्र—
आज सकाळी एकदा मनात आले की करू दे. लिहून ठेवतो. खोटे लिहायचे नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर. ११.०५.
ती आली. मावशींना म्हणते आहे की असा न सांगता जाणारा तो नाही, मावशी, बसचा टाइमसुद्धा लिहून ठेवतो. मावशी चहा टाकायला गेल्या.

११.२०. ओरडून आवाज बसला. ती आकडे मोठ्याने वाचते आहे. पान चार. पान नऊ. हसली. दामिनी, पान अकरा नीट वाच. त्यात सगळे लिहिले आहे—

११.४०. पान अकरा वाचले. म्हणाली, काय डोकं होतं देवरामचं.

११.५२. शेवटचे पान. म्हणते आहे, पण्या, तू कुठेही मर, तुझी तपासणी बरोबर आहे. रडते आहे का?
सही नको. मी राहतो इथे. मी खरेच राहतो. नको. दुसऱ्या सहीचा नियम मी केला, मी मोडतो—

११.५४. हिशेब. आत आलेले: चार. सुटलेले: तीन. बाकी: एक, मी. ही बाकी अशीच राहू दे—
पेनचे टोपण काढल्याचा आवाज. दामिनी
आलेले: पाच
माझ्या दाराची कडी हल—