बोटभर दुखणं

आदरणीय साडूभाऊंना,

माझ्या गुडघ्याला जमेल तेवढा वाकून नमस्कार. तुमची तब्येत उत्तम असणारच (तुमचं काय उत्तम नसतं?). मेव्हणीबाईंनाही नमस्कार सांगा.

तुमची लेक, आपली बुलेट, धावण्याच्या सरावासाठी आमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून माझा जळफळाट चालू आहे. ती आणि आमची मनी एकाच वयाच्या, एकाच मैदानावर पळतात. पण कप तुमच्या घरी जातात आणि आमच्या घरी उरतात ते धुवायचे मोजे. म्हणून मी बुलेटच्या पायांवर डोळा ठेवला. काहीतरी खोट सापडावी, एवढीच माफक इच्छा. आणि सापडली की हो! आधी ती पळून आल्यावर लंगडायची, मग पळतानाही, आणि आता तर जिना उतरतानाही कठडा धरते. विचारलं की म्हणते, "काही नाही काका, बूट चावतो." (तसलेच बूट मनीचे आहेत. तिला चावत नाहीत.)

मनीचीही नडगी दुखत होतीच, म्हणून दोघींना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कुठे दुखतं, दाखवा, असं बाई म्हणाल्या. मनीने नडगीवर वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला. बुलेटने एकच बोट टेकवलं, आणि बाईंनी नेमकं तिथे दाबताच ती कळवळली. आता न्याय बघा: आमच्या पोरीची अख्खी नडगी दुखते तर तिला नुसता बर्फ आणि विश्रांती, आणि तुमच्या पोरीचं बोटभर दुखतं तर एक्स-रे, आणि वर एमआरआय! एक्स-रे स्वच्छ आला म्हणून तुम्ही फोनवर "पळू दे" म्हणालात खरे, पण असं एकाच जागी दुखवणारी हाडातली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही म्हणे. एमआरआयमध्ये दिसली. अतिसरावाने हाडाला चीर गेली आहे. रविवारच्या शर्यतीत पळाली, तर हाड पुरतं मोडू शकतं.

साडू आपल्या पोरीची वाट मोकळी करतोय, असं मनात आणू नका. बाईंनी मनीलाही घरीच बसवलंय.

आपला,
जळून कोळसा झालेला साडू

ता. क. पत्र मिळताच तिला फोन करा. चीर कळल्यावर ती पायासाठी रडली नाही. "बाबांना सांगू नका ना काका, मी पळते रविवारी," म्हणत रडली. थांब म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मी सांगितलं, मावशीने दम दिला. ते तिला पटेल फक्त तुमच्या तोंडून.

ता. ता. क. रडायला खांदा माझा, आणि तोंडात सारखं बाबा, बाबा. सगळ्या कपांपेक्षा मला याचाच जास्त हेवा वाटला.