खालच्या सुराची वाटणी

मोठ्या, तुझी पाठ कशी आहे? बसून दुखते म्हणतोस, तर अधूनमधून उठत जा. मोठ्या सूनबाई, तुमची डोकेदुखी हे पाकीट बघूनच सुरू झाली असेल, तरी विचारते. धाकट्या, खोकला गेला का? आणि धाकटे, तू स्वतःचं कधी काही कळवत नाहीस, म्हणून तुझीच काळजी जास्त. इथे तुमची ताई बरी आहे. जेवते, झोपते, गुणगुणते.

आता कामाचं. मी, नळजोडणी करणाऱ्याची बायको आणि आता विधवा, वय एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. मोठ्याला शंका येणार, म्हणून आधीच घेऊन ठेवला. शाळेत मी गेले नाही, अक्षरं तुमच्या वडिलांच्या गीतांच्या पुस्तकावरून गिरवली. त्यामुळे भाषा थोडी प्रार्थनेसारखी वाटली तर तेवढं चालवून घ्या. मनात प्रार्थना नाही.

कलम एक. पाइप कापायची करवत, आटे पाडायचं हत्यार आणि सगळे पाने कोपऱ्यावरच्या दुकानातल्या किल्लीवाल्या भाऊंना द्यावेत. मोठ्याला नाहीत. सोयरीक जुळवताना "वडील पाणीपुरवठ्यात आहेत" असं सांगून आलेल्या साहेबांना पाना कशाला? त्याला वडिलांचा रविवारचा कोट मिळेल. खांद्यात ढगळ होईल, त्याला माझा इलाज नाही.

कलम दोन. चर्चच्या कॉयरमास्तरांनी भिंतीवर लावायला यांचा फोटो मागितला आहे. खाली "कुटुंबवत्सल गायक" असं कोरणार म्हणे. फोटो देऊ नये. यांनी उभी हयात खालचा सूर धरला, म्हणून सगळे खर्जराव म्हणत. ताईला ताप होता तेव्हा हे तालमीला गेले नाहीत, तर मास्तर घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "खर्जराव, पोरं बायकांनी सांभाळायची. तुम्ही सूर सांभाळा."

हे म्हणाले, "मास्तर, गाणं रविवारी आहे. तिला मी आज हवाय."

तेवढ्यावरून यांना पहिल्या रांगेतून उचलून खांबामागे उभं केलं. हे खांबामागूनही तसेच गायले. यांच्या जागी मी असते तर पुस्तक मास्तरांच्या डोक्यावर ठेवून आले असते. चर्चचा नळ गळायला लागला की मात्र पहिली हाक खांबामागे जायची. आता तोच माणूस भिंतीवर हवा झालाय. भिंत कोरीच बरी.

कलम तीन, घर. मोठ्याचं म्हणणं, घर विकावं आणि ताईला संस्थेत ठेवावं. "आई, तिथे बाग आहे." बाग एवढी आवडत असेल तर तू जाऊन राहा.

ताई एकटी राहू शकत नाही, आणि ती अनोळखी हातचं खात नाही. वडील रोज दुपारी काम टाकून घरी येत आणि तिला भरवत. खालचा सूर धरला की ती तोंड उघडे. एक ओळ, एक घास. म्हणून तिला कुठल्याच गाण्याची वरची चाल येत नाही, फक्त वडिलांची बाजू येते.

यांच्या अंत्यविधीला कॉयरने गाणं म्हटलं. मास्तर सांगत होते, आदर म्हणून खालचा सूर मोकळा सोडलाय. आदर कसला, दुसऱ्या कुणाला येतच नव्हता. त्या मोकळ्या जागेत पुढच्या बाकावरून ताई गायला लागली. मास्तरांची बोटं हवेतच राहिली. मोठा दातओठ खात म्हणाला, "गप्प करा तिला, लोक बघतायत." मोठ्या सूनबाईंनी तिचा दंड धरला.

तेव्हा धाकटी मागच्या बाकावरून उठून आली, तो हात सोडवला आणि ताईला खेटून बसली. म्हणाली, "थांबवू नका. अजून एक कडवं आहे."

सबब हे घर मी धाकट्या सुनेच्या नावे करत आहे. अट एकच: ताईने तिच्याजवळ, याच घरात राहावं. पोस्टातलं जे आहे ते ताईच्या औषधपाण्याला. धाकट्या, तुझं नाव नाही म्हणून रुसू नकोस, त्या दिवशी तू खोकत होतास. मोठ्याने कोर्टात जायचं असेल तर खुशाल जावं, तिथेही बसायला खुर्ची मिळते.

सही: खर्जरावांची बायको

साक्षीदार: डॉक्टरीणबाई, खालचा मजला
साक्षीदार: डॉक्टरीणबाईंचे यजमान, खालचा मजला

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: नऊ ऑक्टोबर, रविवार

ता. क. धाकटे, तुला न विचारता हे ओझं तुझ्यावर टाकलंय. नाही म्हणालीस तर राग धरणार नाही, दुसरा कागद करीन आणि दुसरं माणूस सापडेपर्यंत जगायचं बघीन. पण डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा दाखला दिलाय, छातीचा नाही म्हणाल्या. तेव्हा हो की नाही, ते लवकर लिही.