कुणाला काय द्यावे

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता तुमच्या खुर्चीत मी बसते. लोक अजून म्हणतात, सरांसारखं पुस्तक निवडून देणारा माणूस परत होणार नाही. मी मान डोलावते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे.

वाचनालयात कपाटाला कुणी हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. माणूस यायचा, बाकावर बसायचा, तुम्ही त्याची थोडी विचारपूस करायचात आणि आत जाऊन एक पुस्तक घेऊन यायचात. शनिवारी जोडीला एका सिनेमाची डीव्हीडी. नवरा समुद्रावरून न परतलेल्या एका बाईला तुम्ही चक्क विनोदी पुस्तक दिलंत, तेव्हा तिची सासू भांडायला आली होती. महिन्याभरानं सून तेच पुस्तक सासूला वाचून दाखवत होती. मुलगा आखातात असलेल्या चाचींना विमानतळ नसलेला सिनेमा शोधून द्यायचात. हे मी डोळ्यांनी बघितलंय, खोटं कशाला बोलू? सातवीत मी एकदा स्वतःच कपाट उघडलं, तर सगळ्यांसमोर म्हणालात, "मागायचं नाही. मी देतो ते आधी वाच." मी रडले आणि वाचलं. पुढची पाच वर्षं तुम्ही द्याल ते वाचत गेले आणि त्यामुळेच आपल्या चौल गावाच्या बाहेर जावंसं वाटायला लागलं.

बारावीनंतर मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, वसतिगृहात जागाही मिळाली. अर्जाची भाषा तुम्हीच तपासून दिली होती. बाबा मांडव्याच्या लाँचवर खलाशी. रोज मुंबईला जाऊन येणारा माणूस, पण धक्क्यापलीकडची मुंबई त्यांनी फारशी पाहिली नव्हती. तरी ते तयार झाले होते, माझ्यासाठी पत्र्याची नवी पेटी घेऊन आले होते. त्या शनिवारी तुम्ही त्यांना मुद्दाम बोलावून एक सिनेमा दिलात. मुलगी शिकायला शहरात जाते आणि ॲम्ब्युलन्समधून घरी येते, असा. बाबांनी तो एकट्यानं बसून पाहिला. सकाळी आईला म्हणाले, "सरांनी उगाच दिला न्हाय हा. त्यांच्या मनात कायतरी हाय." मी गेले नाही. पेटीत आईनं तांदूळ भरले. पंधरा दिवसांनी तुम्ही घरी आलात, पोरगी नुसती बसून राहण्यापेक्षा वाचनालयात येऊ दे म्हणालात, आणि मी तुमच्या पाया पडले. पाया पडले, सर.

गेल्या महिन्यात तुमच्या टेबलाला वाळवी लागली म्हणून ते बाहेर काढलं, तर मागच्या खणात एक वही. वर तुमच्या अक्षरात लिहिलेलं, 'कुणाला काय द्यावे'. घराघराला एक पान. कोण कशानं खचलंय, कुणाला काय सोसणार नाही, सगळं नीट टिपलेलं. आमच्या पानावर शेवटी लिहिलं होतं : 'बाप मुलीला मुंबईला धाडतो आहे. हा सिनेमा द्यावा. ती गेली तर माझ्यामागे वाचनालय कोण बघेल?' केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तुम्हाला माणसं कळत होती, म्हणून तर तुमचा नेम चुकला नाही. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या कपाटांची कुलुपं काढून टाकली आणि लोकांना सांगितलं, हवं ते आपलं आपण घ्या. लोक बाकावरच बसून राहिले. एक आजोबा म्हणाले, तूच दे काहीतरी बघून. मला इतका संताप आला की मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

पण एक गोष्ट तुमच्या वहीत नाही, कारण ती तुम्हाला कधी कळलीच नाही. त्या सकाळी बाबांनी नाही म्हटलं नव्हतं. आई विहिरीवर गेल्यावर ते मला म्हणाले, "तू सांग. तू व्हय म्हनलीस तर मी सिनेमा-बिनेमा कायपन मानत न्हाय." मी चहाचे कप विसळत होते. प्रवेशाचं पत्र आल्यापासून मला जायची भीती वाटत होती. अनोळखी मुली, अनोळखी रस्ते, इंग्रजीतून बोलणारे मास्तर. बाबा बराच वेळ थांबले. मी विसळलेले कप पुन्हा विसळत राहिले, वर पाहिलं नाही. मग लाँचची वेळ झाली आणि ते निघून गेले.

हे पत्र लिहून झालं की मी फाडणार आहे. वही मात्र जपून ठेवेन. मी का गेले नाही असं कुणी विचारलं, तर आमचं पान उघडून दाखवता येईल.