पिंजऱ्याबाहेरचा कोपरा

दि. ४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

विशेष म्हणजे तुझ्या पिंजऱ्यांचे दिवस भरले. तीन आठवडे आम्ही बेकरीच्या दारात पत्रकं वाटली, चारशे लोकांनी मालकाला स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली आणि काल त्यानं लेखी दिलं: पुढच्या वर्षापासून पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अंडी घेणार नाही. तिथं सगळी अंडी तुझीच जातात, म्हणून आधी तुलाच कळवतोय.

हा कागद नीट बघ. तुझ्या एका कोंबडीच्या वाट्याला एवढीही जागा येत नाही. अख्ख्या जन्मात तिला पंख पसरता येत नाहीत, आणि तू भिंतीवर ‘आनंदी कोंबड्या’ रंगवून ठेवल्यास! लाज कशी वाटत नाही?

कॉलेज सोडलं म्हणून बाबांकडे चहाडी केलीस ना? कॉलेजनं मला काही शिकवलं नाही, तिनं शिकवलं. ती कोण ते विचारू नकोस. तिच्या एका शब्दाखातर तुझे पिंजरे हातानं उपटीन.

लोभ नसला तरी चालेल, उत्तर हवं.
तुझा (नाइलाजानं) भाचा

दि. ९ मार्च

चि. तडतड्यास,
अ. उ. आ. (सवयीनं लिहिले गेले.)

ती कोण ते विचारायची गरजच नाही. तुझी पत्रकवाली इथे दोनदा येऊन गेली. ना आरडाओरडा, ना शिवीगाळ. बूट बदलून शेडमध्ये आली, दोन तास कोंबड्या बघत बसली, मला वीस प्रश्न विचारले. एका शेडमधले पिंजरे काढायचे असं आमचं ठरलंय. बसायला दांड्या, अंडी घालायला खोकी, खाली तूस. नवी पिल्लं आणून लहानपणापासून मोकळी वाढवायची. जमलं तर पुढच्या शेड.

तुझा विषय निघाला. मुलगा मनाचा चांगला आहे, फक्त ओरडतो फार, असं म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे कोंबडेही ओरडतात, अंडं एक देत नाहीत.

आत्ताच्या कोंबड्यांना मात्र कुणी हात लावायचा नाही. तू तर इकडे फिरकूच नकोस.

लोभ आहे, पण पुरवून वापर.
आत्या

दि. १७ मार्च

तडतड्या,
आज आशीर्वाद नाहीत.

रविवारी दुपारी मी जनावरांच्या डॉक्टरकडे गेले होते. तेवढ्यात तू तीन नंबरच्या शेडमधल्या कोंबड्या पिंजऱ्यांतून बाहेर काढल्यास, व्हिडिओ केलास आणि बाहेरून कडी लावून पळालास. व्हिडिओ मी पाहिला. कोंबड्या बाहेर येतात, तू हात उंचावतोस, संपलं. पुढचं मी सांगते. ज्यांनी जन्मात चार पावलं टाकली नव्हती, त्या मोकळ्या जागेला घाबरल्या. सगळ्या एकाच कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढल्या. खालच्या गुदमरल्या. मी पोचले तेव्हा ढीग गरम होता. त्रेसष्ट. एकेक मी हातानं उचलली. रक्ताचा एक थेंब नाही.

उरलेल्या परत पिंजऱ्यात घातल्या. मोकळ्या शेडचा बेत रद्द. तुझ्या पत्रकवालीला कळवलंय, कारणासकट. पुन्हा दारात दिसलास तर तुलाच कोंडीन.

आत्या

दि. २३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. (घे, नाहीतर ठेव तसाच.)

मी ओरडतो फार, हे झोंबलं होतं. करून दाखवायचं होतं. तिनं मला एवढंच विचारलं की कडी काढण्याआधी आत्याला विचारलं होतंस का. मी म्हटलं, तुझ्यासाठी केलं. तर म्हणाली, माझ्या नावावर त्रेसष्ट कोंबड्या घालू नकोस. आणि पत्रकांचा गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला. झालं समाधान?

व्हिडिओ नऊ हजार लोकांनी पाहिला. कुणी लिहिलं, आम्हीही आमच्याकडच्या शेड उघडतो. म्हणून काल त्याच जागी पुढचं सगळं लिहून टाकलं, आकड्यासकट. कड्या काढू नका. दुकानदाराला पत्र लिहा, शेडवाल्याशी बोला, आठवड्यातला एक दिवस तिथं राबा, असंही लिहिलं. आता शिव्या पडतायत.

मला हवी ती शिक्षा कर. पण माझ्या मूर्खपणापायी नवी पिल्लं पिंजऱ्यात घालू नकोस. दांड्या मी ठोकतो, तूस मी पसरतो, घाण मी काढतो.

भाचा

दि. २८ मार्च

चि. तडतड्यास,
अर्धा आशीर्वाद.

तू लिहिलेलं वाचलं. त्यात कुणाच्या आडून बोलला नाहीस, म्हणून हे पत्र. पिल्लं दहा तारखेला येतायत, मोकळ्या शेडमध्येच. त्यांना रोज संध्याकाळी दांडीवर बसायला शिकवावं लागतं. एकेक उचलून ठेवायची, उतरली की परत ठेवायची. हजार आहेत. दर मंगळवारी ती मदतीला येणार. तूही असशील असं मी तिला सांगितलं. काम करणार असेल तर असू दे, म्हणाली. एवढंच म्हणाली, त्यावर स्वप्नं रचू नकोस.

माफ केलेलं नाही.
आत्या

दि. २ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोमवारी पोचतोय. मीही तुला माफ केलेलं नाही. तू वीस वर्षं कोंडलंस, मी एका दुपारी मारलं. कुणी कुणावर जास्त चिडायचं ते पिल्लं उचलता उचलता ठरवू.

तोवर राग असाच राहू द्यावा, ही विनंती.
तुझा भाचा